डावीकडची तडतड

झाकणाचे आठ स्क्रू काढून तिने बशीत ठेवले, झाकण उचललं, आणि आत तिला तिचा स्वतःचा लाल ठिपका दिसला. नेलपॉलिशचा, मसुराच्या डाळीएवढा, डावीकडच्या पहिल्या सॉकेटला खेटून. दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हच्या धगीने तो करपून विटकरी झाला होता, पण होता. टेबलापलीकडे उभा असलेला माणूस बोलतच होता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही हं, मी आपला हमाल. सासऱ्यांचा प्रीअँप आहे, माइकचा आवाज वाढवायचा डबा. डाव्या बाजूने तडतडतो म्हणे. गुरुवारी सकाळी हवाय, म्हणजे हवाच." तिने झाकण परत ठेवलं, अगदी हळू, आत कुणी झोपलंय अशा बेताने. मग विचारलं, "गुरुवारी काय आहे?" तो माणूस पहिल्यांदाच अडखळला. "शुक्रवारी सासूबाईंचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ आहे. मग आवाज काही राहणार नाही. सासरे म्हणतात, त्याआधी एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचा. मी म्हटलं, मोबाइल आहे की! तर असे बघायला लागले माझ्याकडे, जसा काही मी त्यांच्या मुलीला पळवूनच नेलंय." स्वतःच्या विनोदावर तो हसला, मग हसणं बरं दिसलं नाही असं वाटून त्याने रुमालाने मान पुसली. सासरे काय करायचे, हे तिने विचारलं नाही. तिने वहीत लिहिलं: प्रीअँप, चार व्हॉल्व्ह, डावीकडे तडतड, गुरुवार अकरा. अक्षर नेहमीसारखंच आलं याचं तिला नवल वाटलं.

जावई गेल्यावर ती टेबलाशी बसली. समोरच्या फळीवर दोन मिक्सर, एक इस्त्री, पंख्याची उघडी मोटर. खोली तळमजल्यावरची, रस्त्याकडची. मागे स्वयंपाकघर आणि ताईची शिवणाची खोली, तिथून मशीनचा आवाज थांबत थांबत येत होता. लोक तिच्याकडे मिक्सर आणि इस्त्र्या आणत, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा हौशी म्हातारा काचेच्या व्हॉल्व्हचं काहीतरी चादरीत गुंडाळून तान्ह्या बाळासारखं घेऊन येई. ते काम करणारं शहरात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. त्यामुळे प्रीअँप तिला ओळखून पाठवलाय की दुसरा इलाज नाही म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. दारावरच्या पाटीवर नाव नव्हतं, नुसतं 'दुरुस्ती' एवढंच होतं. पूर्वी ती रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होती, तिथे तिला ठिपकी म्हणत. बिघडलेली वस्तू सापडली की ती तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवायची. नखांना तिने कधी ते लावलं नाही, पण बाटली कायम ड्रॉवरमध्ये. वायरीला, बटणाला, खुर्चीच्या मोडक्या पायाला, कशालाही. एकदा व्हायोलिनवाल्याने मालकाच्या केबिनच्या दारावर तिच्याकडून ठिपका लावून घेतला होता आणि सगळा स्टुडिओ दिवसभर गालातल्या गालात हसत होता. ठिपका म्हणजे खराब, हात लावू नये, हे झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना तर होतंच. साहेब म्हणजे मुख्य रेकॉर्डिस्ट, ज्याच्या हाताखाली तिने सहा वर्षं काढली. स्टुडिओ बंद पडल्यावर हा प्रीअँप त्यानेच घरी नेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तोंडावर ती त्याला अहोजाहो करायची. मनात गेली एकोणीस वर्षं ती त्याला अरेतुरेच करत आली होती, आणि तेवढ्या एका एकेरीत तिला रोज थोडं बरं वाटायचं.

तो शनिवार तिला आजही मिनिटामिनिटाने आठवतो. याच प्रीअँपची डावी बाजू तडतडायला लागली म्हणून तिने नवा व्हॉल्व्ह घातला. तडतड थांबली. दुसऱ्या कुणी तिथेच हात पुसले असते, कारण या धंद्यातली सगळ्यात सोपी चूक हीच: व्हॉल्व्ह बदलला, आवाज गेला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. पण जुना उपटताना आणि नवा खोचताना त्याच्या नऊ पिना सॉकेटच्या पकडीत घासल्या जातात, तेवढ्याने मळ सुटतो, आणि सैल झालेली पकडसुद्धा काही वेळ पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाण्यासारखी वागते. तापली की सैलावते, आणि पुन्हा तेच रडगाणं. म्हणून ती थांबली. दोन तास गरम होऊ दिलं. तडतड परत आली तेव्हा तिने डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे घातला, पुन्हा दोन तास बसली. व्हॉल्व्ह उजवीकडे गेला, तडतड डावीकडेच राहिली. दोष जागेचा होता. नवं सॉकेट कपाटात नव्हतं, सोमवारी येणार होतं. तिने ठिपका ठेवला, देखभालीच्या वहीत लिहिलं, 'डावं सॉकेट सैल, तापल्यावर तडतडतं, सोमवारपर्यंत वापरू नये,' खाली सही केली आणि रविवारच्या सुट्टीसाठी घरी गेली. रविवारी चाळीस वादक बोलावलेत हे तिला माहीत होतं. पण दुसरा प्रीअँप शेजारीच ठेवलेला होता. फक्त साहेबाला तो आवडत नसे, आवाज कोरडा येतो म्हणे. सोमवारी ती आली तेव्हा मालक हातात चहाचा कप धरून दाराशीच उभा होता. चाळीस माणसांच्या वाजवण्यावर तिसऱ्या तासापासून डावीकडून तडतड बसली होती. साहेब म्हणाला, "व्हॉल्व्ह हिने बदलला होता शनिवारी." एवढंच. आवाज न चढवता. ती म्हणाली, मी वहीत लिहिलंय. वही आणली, तर त्यात ते पान नव्हतं. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि दुपारच्या आत ती रस्त्यावर होती. तिच्या जागी आलेल्या माणसाने व्हॉल्व्ह उपटला, नवा खोचला, तडतड गेली, आणि सगळे म्हणाले, बघा. आठवड्याने तडतड परत आली असेलच, पण तोवर कुणाला त्याचं काय पडलं होतं!

नोकरी गेल्याचं तिला एवढं नव्हतं. खरं तर होतं, खूप होतं, चार स्टुडिओंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवून परत पाठवलं होतं आणि त्यातल्या एकाने तर 'तडतडवाल्या बाई तुम्हीच का' असं हसत विचारलं होतं. पण त्याहून वाईट होतं ते कानांचं. आपण खरंच त्या शनिवारी नीट ऐकलं का, हा किडा तिच्या डोक्यात शिरला. सॉकेट की व्हॉल्व्ह? की दोन्ही नाही, आणि दोष आपलाच? तिला नळातून तडतड ऐकू यायला लागली, फोडणीतून, चपलेखालच्या वाळूतून, ताईच्या बोलण्यातून. दोन महिन्यांनी ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी वेगवेगळे सूर ऐकवले, दर वेळी हात वर करायचा. डॉक्टर म्हणाले, तुमचे कान लहान मुलाचे आहेत, इथे कशाला आलात? ती घरी येऊन ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, पण किडा गेला नाही. आणि दुसरं एक होतं, जे तिने ताईलाही सांगितलं नव्हतं. साहेबाने ठिपका पाहिला होता की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पान कुणी फाडलं हेही नव्हतं. कारकून होता, मालक होता. एखाद्या दुपारी तिला वाटे, त्याने झाकण उघडलंच नसेल, त्याला खरंच वाटलं असेल की चूक हिची. त्या दुपारी तिचा राग अर्धवट शिजलेल्या डाळीसारखा पोटात टोचत राही, ना धड गिळता येई, ना टाकता येई.

मंगळवारी तिने प्रीअँप चालू केला आणि हेडफोन लावला. चार व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले, तापलेल्या धुळीचा तो जुना वास आला, आणि पाऊण तासाने डावीकडून सुरू झालं: तड, मग काहीच नाही, मग तडतड, कुणीतरी वाळकं पान चुरगाळतंय असं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. किती सुंदर वाटलं तिला ते! पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिने व्हॉल्व्हला टिचकी मारली, मग सॉकेटच्या कडेला. कडेला मारली की तडतड उसळायची. डावा उजवीकडे घातला, उजवा डावीकडे, बसली दोन तास. तडतड जागची हलली नाही. एकोणीस वर्षांनी, तिच्याच टेबलावर, तिच्याच कानांनी, तिचं म्हणणं खरं निघालं होतं, आणि हे ऐकायला खोलीत दोन मिक्सर आणि एक इस्त्री होती. ती उठून ताईच्या खोलीत गेली. ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. "सॉकेटच होतं," ती म्हणाली. ताईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "मग? मला काय, मी तेव्हाही म्हणत होते." "तू तेव्हा म्हणत होतीस की जाऊ दे." "तेही म्हणत होते. दोन्ही म्हणता येतं." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ताईने चष्मा काढला. "त्याचाच आहे का तो डबा?" तिने मान डोलावली. "काय करणार आहेस?" "नवा व्हॉल्व्ह घालणार." "आणि सॉकेट?" "नवा व्हॉल्व्ह घालणार," ती पुन्हा म्हणाली. ताई शिवणारी असली तरी इतक्या वर्षांत एवढं तिला कळत होतं. तिने चष्मा परत लावला, मशीनच्या चाकावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. "ती बाई मरायला टेकलीय गं," ताई म्हणाली; जावयाचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं. "आवाज जाणार आहे फक्त," तिने उत्तर दिलं, आणि स्वतःचं बोलणं ऐकून तिला जरा गार वाटलं.

कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज एक वाजता स्टुडिओत साहेबाच्या बायकोचा फोन यायचा आणि बहुतेक वेळा तीच उचलायची. "जेवले का गं तुझे साहेब?" जरा घोगरा, खालचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू फुटेल की काय असा. रेकॉर्डिंग चालू असलं की ती हळू आवाजात सांगायची, नाही अजून, आणि पलीकडून यायचं, "आणि तू?" सहा वर्षं रोज. तिला काढल्यावर तो फोन तिच्या घरी कधी आला नाही. येणार तरी कसा, तिच्या घरी फोनच नव्हता. पण ही गोष्ट ती सोयीस्करपणे विसरायची. त्या 'आणि तू' ने एकदाही तिचा पत्ता शोधला नव्हता एवढंच तिने धरून ठेवलं होतं. आणि आता तो माणूस, ज्याने आयुष्यभर जगाचे आवाज टिपले, घरातला एक आवाज टिपायला इतका उशिरा निघाला होता. तिने हिशेब केला. तो आधी तासभर यंत्र तापवणार, त्याची सवय तीच असणार. हलवाहलवीने पिना घासलेल्या, नवा व्हॉल्व्ह, पहिला तास दीड तास काचेसारखा स्वच्छ. मग बायको बोलायला लागेल, आणि अर्ध्यावर आल्यावर, तिच्या एखाद्या शब्दावर, तड. मग उरलेलं आयुष्य तो तेच ऐकत बसेल. तिला आणखी काही नको होतं. एक तडतड, जी तिच्या माथी मारली होती, ती व्याजासकट त्याच्या कानात परत. ती बुधवारी ड्रॉवर उघडून नवं सॉकेट बाहेर काढत होती आणि परत ठेवत होती. पांढऱ्या चिनीमातीचं, नऊ भोकांचं, तळहातावर मावणारं. बदलायला दीड तास पुरला असता. दुपारी तिने ते टेबलावर ठेवलं आणि नवा व्हॉल्व्ह जुन्या सॉकेटमध्ये खोचून झाकण बंद केलं. सॉकेट मात्र टेबलावरच राहू दिलं. त्याने ठिपका पाहिलाच नसेल, हे जे मधूनमधून तिच्या मनात यायचं, ते अजून मधे उभं होतं. त्याला ओलांडून जाणं तिला जड जात होतं, आणि म्हणून ती त्याच्यावर आणखीच चिडत होती.

गुरुवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना तो स्वतः आला. मागे जावई, रिकाम्या हाताने. तो म्हातारा होईल हे तिला माहीत होतं, पण इतका लहान होईल हे नव्हतं. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटून उभी होती. "ठिपकी," दारातूनच तो म्हणाला. एकोणीस वर्षं ती त्याला मनात जे जे बोलली होती त्यातलं काहीही तोंडातून निघेना. "बसा साहेब," ती म्हणाली, आणि आपण असं म्हणालो याबद्दल तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "चालू कर बघू," तो बसत म्हणाला. तिने चालू केला. तो हेडफोन लावून डोळे मिटून बसला, पूर्वीसारखाच, उजवा हात हवेत थोडा उचललेला. बराच वेळ गेला. मग त्याने हेडफोन काढून तिच्यापुढे धरला. "मला आता वरच्या पट्टीतलं काही येत नाही गं ऐकू. पक्षी नाही, दाराची घंटी नाही. ही तडतड मुलगी म्हणाली म्हणून कळली. तू ऐक आणि सांग." तिने हेडफोन लावला. उशीला त्याच्या कानाची ऊब होती. आत शांत होतं, डावीकडे आणि उजवीकडे सारखंच शांत. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. ते खरंच होतं.

त्याने मान हलवली. जावई दारात उभा राहून पंख्याच्या मोटरीकडे कुतूहलाने बघत होता. "आत तुझा ठिपका दिसला असेल," साहेब म्हणाला. "मी पुसला नाही कधी." "दिसला." "त्या रविवारीही सकाळी मी झाकण काढून बघितला होता. वहीही वाचली होती. म्हटलं, दोन तास तरी नीट चालेल, तेवढ्यात उरकून घेऊ. नाही उरकलं." तो बोलत होता ते कुठल्या बसने आलो हे सांगावं तसं. "पान मीच काढलं. मालकाला कुणीतरी एक जण हवा होता. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तू तरुण, हातात कसब, कानाला तोड नाही. म्हटलं, हिला काय, कुठेही मिळेल." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी ती वाट बघत राहिली. यापुढे एक वाक्य यायला हवं होतं. छोटंसं चाललं असतं, चुकीच्या शब्दांत चाललं असतं. डाव्या हाताशी पांढरं सॉकेट होतं, 'दीड तास थांबा साहेब' हे शब्द जिभेच्या टोकाशी होते. तो पुढे वाकला. "संध्याकाळपर्यंत राहील ना असं? ती थांबून थांबून बोलते आता. घाई करून चालायचं नाही." म्हणजे ते वाक्य येणार नव्हतं. त्याच्या लेखी सांगून झालं होतं, मामला मिटला होता. जे इतकी वर्षं मधे उभं होतं ते बाजूला झालं, आणि समोर मोकळा रस्ता होता. "राहील," ती म्हणाली. "सॉकेट बदललंस?" "बदललं." तिने ते शब्द त्याच्या डोळ्यांत बघून उच्चारले, जराही न अडखळता, आणि छातीत काहीतरी गरम आणि गोड पसरलं. "मग झालं," तो उठला. "तू म्हणतेस म्हणजे राहणारच." जावयाने प्रीअँप उचलला, उंबऱ्याशी तोल सावरला, आणि "बघा, म्हटलं ना मी हमाल," असं म्हणत पायऱ्या उतरला. ती दारात उभी राहून रिक्षा वळेपर्यंत बघत राहिली.

जेवताना ती ताईशी खूप बोलली. शेजारणीच्या मिक्सरबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, कशाकशाबद्दल. ताई हूं हूं करत होती. अडीच वाजता ती टेबलाशी येऊन बसली आणि मनातल्या मनात त्याच्या खोलीत जाऊन बसली. आता तापवून झालं असेल. आता बायकोसमोर माइक ठेवला असेल, जरा बाजूला, थेट तोंडासमोर नाही. हे त्यानेच शिकवलं होतं तिला. आता ती बोलत असेल. काय बोलेल? जेवलात का, असं नसेल म्हणत, पण तिला तेवढंच ऐकू येत होतं. पावणेचार. आता पकड सैलावत असेल. आता पहिली तड. आता त्याचा चेहरा... आणि तिथे ती अडली, कारण तिने कितीही प्रयत्न केला तरी त्याचा चेहरा हलेना. तो उजवा हात थोडा उचलून, डोळे मिटून, तसाच बसलेला होता. त्याला ऐकूच येत नव्हतं. हेडफोन स्वतःच्या हाताने त्याने तिच्यापुढे धरला होता, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि रागाच्या भरात तिने ते कानाआड केलं होतं. तिने, जिच्या कानांना तोड नव्हती. वहीत जावयाचा नंबर होता. फोन करून एवढंच म्हणायचं, थांबा, व्हॉल्व्ह काढून पुन्हा खोचा, मग बोलू द्या त्यांना. वीस सेकंदांचं काम. तिने वही उघडली, नंबरावर बोट ठेवलं. चार वाजले, सव्वाचार. 'हिला काय, कुठेही मिळेल' हे तिला ऐकू येत राहिलं, अगदी स्वच्छ, आणि तिचं बोट नंबरावरच राहिलं. पाच वाजता ताईने चहा आणून ठेवला आणि वही मिटून बाजूला केली.

शुक्रवार तिने मिक्सर उघडण्यात घालवला. शनिवारी दहाच्या सुमाराला जावयाचा फोन आला. मागे चाकांचा घरघराट होता, कुणाला तरी स्ट्रेचरवरून नेत असावेत. "व्यवस्थित झालं हो ऑपरेशन," तो म्हणाला. "सासूबाई पाटीवर लिहून दाखवतात. सकाळी लिहिलं, ह्यांना खायला घाला. सासरे बाहेरच्या बाकावर हेडफोन लावून बसलेत, कालपासून तेच. म्हणतात, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग झालं. तुमचं फार कौतुक करतात." मग त्याने आवाज खाली आणला. "एक विचारू का? हसू नका. मला त्यात अर्ध्यापासून तडतड ऐकू येते. बायकोलाही येते. ती तर रडायलाच लागली. सासऱ्यांना बोललो तर केवढे भडकले माझ्यावर. म्हणाले, ठिपकीने ऐकलंय, तिच्या कानाला नाही म्हणजे नाहीच, आधी तुमचे कान तपासून या. मला यातलं काही कळत नाही हे खरंच, पण ऐकू तर येतं ना मला? का माझ्याच कानात काही आहे? जाऊ का डॉक्टरकडे?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, मग परत पहिल्या. मागच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. गप्प बसलं तर तो म्हातारा सुखाने ऐकत राहील, शेवटपर्यंत, प्रत्येक शब्द धुतल्यासारखा. तिचं खोटं बोलणं त्याने खरं मानलं होतं, आणि तिच्या वतीने तो स्वतःच्या मुलीशी भांडत होता. आणि सांगितलं, तर तडतड त्याला ऐकू येईल. दुसऱ्या कुठल्याही वाटेने ती त्याच्या कानात शिरू शकत नव्हती, फक्त तिच्या तोंडून. आणि एकदा शिरली की बायकोच्या प्रत्येक शब्दामागे तो त्या तडतडीची वाट बघत बसेल. तिला हवं होतं ते हेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या हातात होतं आणि तिला ते करावंसं वाटत होतं की नव्हतं, हेच तिला कळेना. तिला एवढंच कळत होतं की पलीकडे एक भोळा माणूस स्वतःच्या कानांना घाबरून उभा आहे.

"नका जाऊ डॉक्टरकडे," ती म्हणाली. "तुमचे कान चांगले आहेत. तुमच्या बायकोचेही."

"म्हणजे?"

"सॉकेट मी बदललं नव्हतं. बदललं असं खोटं सांगितलं."

"काढता येईल का ती तडतड?" त्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात हमाल नव्हता, कुणीच नव्हतं. "थोडी काढता येईल. पण शब्दावर बसलीय तिथे शब्दही सोलला जाईल." "का केलंत असं?" त्याने विचारलं, आणि तिने उत्तर द्यायच्या आत म्हणाला, "नाही, मला नका सांगू. मी त्यांना हे सांगू शकणार नाही. तुम्हीच सांगा. ते इथेच बसलेत समोर. हेडफोन काढायला सांगू? देऊ फोन त्यांना?"

ताई दारात येऊन उभी होती, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"द्या," ती म्हणाली.